सोमवारी काय करता?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, बाहेर जेवताना काय काय त्रास होतो ते कळवा. मला वाटलं होतं, कळकट टेबलं, तासभर न येणारी ऑर्डर, बिलात गुपचूप घुसलेली पाण्याची बाटली असली पत्रं येतील. आली ती जवळजवळ सगळी शाकाहारी मंडळींची, आणि चांगलीच तापलेली. एका बाईंनी तर मेनूकार्डाचा फोटोच पाठवलाय. बारा पानांचं कार्ड, त्यात व्हेज अर्धं पान, आणि त्या अर्ध्या पानात पापडाचे चार प्रकार.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी सव्वीस वर्षं टूर मॅनेजर होते. चाळीस-चाळीस मराठी माणसं घेऊन मालवणपासून मिलानपर्यंत हिंडले. स्वतः माळकरी. वडील वारीला जायचे, मी अकरावीत असताना त्यांनी माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली, ती अजून आहे. दोन्ही भाऊ मात्र मटणाला एका पायावर तयार. आमच्या घरात दोन चुली होत्या आणि दोन्ही आईच पेटवायची. त्यामुळे खालची उत्तरं पुस्तकातली नाहीत, बरीचशी उपाशी राहून मिळालेली आहेत.

ताई, ऑफिसच्या पार्टीत आम्ही तिघं शाकाहारी. व्हेज बिर्याणी मागवली, तिच्यात हाडाचा तुकडा निघाला. मॅनेजर म्हणाला, ‘सॉरी सर, चुकून आला, पीस काढून देतो.’ बाकीचे हसले. मी न जेवता घरी आलो, बायकोला उठवून पोहे करायला लावले. माझं काही चुकलं का? (एक वाचक, ठाणे)

बायकोला उठवलंत, तेवढंच चुकलं. पोहे स्वतः करता येतात.

आता हाड आलं कसं ते सांगते. दोन्ही प्रकारचं मिळणाऱ्या बऱ्याच हॉटेलांत व्हेज बिर्याणी म्हणून वेगळी काही शिजतच नाही. भाताचा टोप एक. ऑर्डर आली की त्यातला भात काढायचा, भाज्यांच्या ग्रेव्हीत परतायचा, वर तळलेला कांदा. रात्री नऊ ते साडेदहा भटारखान्यात जी धांदल असते, तीत चिकनच्या हंडीतला डाव भाताच्या टोपात जातो. कुणी मुद्दाम करत नाही. पण जातो.

म्हणून अशा ठिकाणी गर्दीच्या वेळी तीन गोष्टी मी मागवतच नाही: बिर्याणी, सूप आणि तळलेलं काहीही. सूपला पुष्कळदा कोंबडीची हाडं उकळलेलं पाणी असतं, व्हेज हॉट अँड सॉरलासुद्धा. आणि तुमचं गोबी मंचुरियन ज्या कढईत तळलं जातं, तिच्यातून पाच मिनिटांपूर्वी चिकन लॉलीपॉप निघालेलं असतं.

‘व्हेज आहे ना?’ असं वेटरला कधी विचारू नका. या प्रश्नाचं उत्तर जगभर ‘हो’ असंच येतं. ‘सूपला पाणी कुठलं घालता?’, ‘तळायचं तेल वेगळं आहे का?’ असं विचारा. याचं उत्तर त्याला पाठ नसतं, त्याला आत जाऊन विचारावं लागतं, आणि परत येतानाच्या चेहऱ्यावर तुम्हाला उत्तर दिसतं. मेनूकार्डावरच्या हिरव्या ठिपक्यावर फार विसंबू नका. पदार्थात काय पडतं एवढंच तो सांगतो, डाव कुठून कुठे फिरला ते सांगत नाही.

पीस काढून दिलेली प्लेट घ्यायची नाही, त्या पदार्थाचे पैसेही द्यायचे नाहीत. मॅनेजर हुज्जत घालायला लागला तर शांतपणे बिल मागा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे. तो नंबर मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लागा. माझा अनुभव असा की पाचव्या-सहाव्या आकड्याला नवी प्लेट येते.

ताई, मी २४ वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. दर महिन्याला टीम लंच असतं आणि बिलाची समान वाटणी. गेल्या महिन्यात आठ जणांचं ९,६०० झालं, म्हणजे प्रत्येकी १,२००. मी खाल्लं काय, तर दाल खिचडी, मसाला पापड आणि ताक, ४१० रुपयांचं. बोलले तर चिंधी ठरेन, नाही बोलले तर घरी येऊन चरफडते.

अगं, ७९० रुपये जास्त गेले, वर्षाचे ९,४८०. दुसऱ्याच्या खेकड्यापायी! चरफडशील नाही तर काय.

पण बिल आल्यावर हिशोब काढलास तर खरंच चिंधी ठरशील, तेव्हा बोलायचं ते ऑर्डर देण्याच्या आधी. आणि टीमशी नाही, वेटरशी. ‘दादा, व्हेजचं बिल वेगळं आणि नॉनव्हेजचं वेगळं काढा.’ हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांना यात नवीन काही नाही. दारूला जीएसटी नाही, व्हॅट लागतो, म्हणून दारूचा हिशोब ते तसाही वेगळा दाखवतात. टीममध्ये आणखी एखादा शाकाहारी किंवा न पिणारा असतोच, तो मनातल्या मनात तुला आशीर्वाद देईल. कोणी काही बोललंच तर म्हण, ताईंनी सांगितलंय.

आईला घेऊन डिसेंबरात थायलंडला चाललोय. आई माळकरी, अंडंही चालत नाही. टूर कंपनी म्हणते ‘व्हेजची सोय आहे’. विश्वास ठेवावा का? (सातारा)

मी स्वतः वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आले, ‘व्हेजची सोय आहे’. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

१९९९ साली माझी पहिली थायलंडची टूर होती. ग्रुपमध्ये पंढरपूरकडच्या एक आजी होत्या. नऊवारी, कपाळाला बुक्का, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरे बूट. पहिल्याच दुपारी एका हॉटेलात मी सगळ्यांसाठी व्हेज फ्राइड राइस सांगितला. ‘व्हेजिटेरियन?’ तीनदा विचारलं, मालकीणबाई तीनदा हसून हो म्हणाल्या. आजींनी दोन घास खाल्ले, मग चमच्याच्या टोकावर काहीतरी घेऊन माझ्यासमोर धरलं. नखाएवढं, गुलाबी, वाकडं. ‘हे काय गं, पोरी?’

वाळवलेली कोळंबी होती ती.

आजींनी चमचा खाली ठेवला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. बाहेर जाऊन चूळ भरली, माळेला हात लावून पुटपुटल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या. मी मालकीणबाईंशी भांडायला निघाले होते, तर आजी म्हणाल्या, ‘तिला कशाला बोलतीस? तिनं भातात मटन कुठं घातलंय? तिच्यासाठी ते मिठासारखं असंल.’ पुढचे चार दिवस त्यांनी केळी, फणसाचे गरे आणि घरच्या दशम्यांवर काढले. मी रात्री खोलीत रडले ते वेगळंच.

आजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं, हे मला पुढे कळलं. थाई स्वयंपाकात मिठाचं काम पुष्कळदा ‘नाम प्ला’ करतं, म्हणजे मासळी खारवून काढलेलं पाणी. करीच्या वाटणात ‘कपि’ असते, कोळंबीचा आंबवलेला गोळा. कच्च्या पपईची ती प्रसिद्ध कोशिंबीर, सोम तम, तीत नाम प्लाही असतं आणि वाळवलेली कोळंबीही. वर मांसाचा तुकडा दिसला नाही की त्यांच्या दृष्टीने पदार्थ भाजीचा. इंग्रजीतला ‘व्हेज’ तिथे काही कामाचा नाही.

तिथला कामाचा शब्द आहे ‘जे’. बौद्ध व्रताचा आहार हा. मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. अशा खाणावळीबाहेर पिवळं निशाण असतं, त्यावर लाल थाई अक्षरं. आपल्या डोळ्यांना ती इंग्रजी सतरासारखी दिसतात. आईंना एवढंच सांगा, पिवळ्यावर लाल सतरा. माझ्या टूरमधल्या बायका बसच्या खिडकीतून ‘ते बघा सतरा!’ म्हणून ओरडायच्या. साध्या हॉटेलात बसावंच लागलं तर दोन वाक्यं पाठ करा: ‘माई साय नाम प्ला’, मासळीचं पाणी घालू नका, ‘माई साय खाय’, अंडं घालू नका. आपला उच्चार ऐकून ते हसतात, पण घालत नाहीत.

विमानातल्या जेवणाचं मात्र आजच बघा. तिकीट काढताना जेवणाच्या यादीत ‘हिंदू मील’ असतं आणि आपली माणसं भक्तिभावाने तेच निवडतात. ते शाकाहारी नसतं! बीफ नसलेलं जेवण एवढाच त्याचा अर्थ, चिकन किंवा मासा येऊ शकतो. तुम्हाला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, कोड ए-व्ही-एम-एल. जैन जेवणाचा कोड व्ही-जे-एम-एल. किमान २४ तास आधी सांगावं लागतं, काही कंपन्यांना त्याहूनही आधी. एजंटावर सोडू नका, स्वतः फोन करा.

आणि दशम्या न्या. दुधातल्या, पाण्याचा थेंब न घालता केलेल्या. चार दिवस सहज टिकतात, मी पाहिलंय.

कुठेही जा, पनीर! बायकोच्या वाढदिवसाला पाच वेगवेगळ्या पनीरच्या भाज्या मागवल्या, पाचही सारख्या लागल्या. भाज्या संपल्या का महाराष्ट्रातल्या? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

सर, पाचही सारख्या लागल्या कारण त्या साधारण एकच होत्या. सकाळी अकरा वाजता कुठल्याही मध्यम हॉटेलच्या भटारखान्यात डोकावा. तीन मोठी पातेली दिसतील: लाल ग्रेव्ही टोमॅटोची, पांढरी काजू-मगजाची, पिवळी कांद्याची. रात्रीचं अख्खं मेनूकार्ड या तिघींच्या पोटातून निघतं. लालमध्ये लोणी आणि साखर पडली की बटर मसाला. लालमध्ये ढोबळी मिरची उभी चिरून पडली की कडाई. लालमध्ये तिखटाचा मारा करून वर सुकी मिरची ठेवली की कोल्हापुरी. (हे ‘व्हेज कोल्हापुरी’ मी कोल्हापुरात कुणाच्याही घरी खाल्लेलं नाही.) निखारा ठेवून झाकलं की अंगारा, पन्नास रुपये जास्त.

पनीरच का, तर त्याला निवडणं नाही, सोलणं नाही, शिजवणं नाही. तुकडे करून फ्रीजमध्ये ठेवले की झालं. भरल्या वांग्याला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि रात्री उरलं तर उद्या चालत नाही. शिवाय वांग्याला तीनशे रुपये द्यायला आपण तयार नसतो, पनीरला हसत देतो. तेव्हा थोडं पाप आपलंही आहे, सर.

मी टूरवर असताना यावर एक उपाय सापडला होता. हॉटेलच्या कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, बाजूला घेऊन विचारायचं, ‘स्टाफला आज काय केलंय?’ हॉटेलातली पोरं पनीर खात नाहीत. त्यांच्यासाठी दुपारी एका कोपऱ्यात मसूर, बटाट्याचा रस्सा, कधी पालेभाजी शिजलेली असते, आणि ती त्या दिवशीचं त्या घरातलं सगळ्यात बरं अन्न असतं. कऱ्हाडजवळ हायवेवर मला असंच अख्खा मसूर मिळालं होतं, मेनूत यायच्या कितीतरी आधी. काही मालक नाही म्हणतात, त्यांना कमीपणा वाटतो. विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

आणि नागपुरात राहून तुम्ही पनीर खाता? सावजीकडे पाटोडी रस्सा आहे, डाळकांदा आहे. फक्त पहिल्या उत्तरातला डावाचा मुद्दा तिथेही लक्षात ठेवा.

ताई, राग मानू नका. शाकाहारी लोकांचे नखरे फार. आमच्या वहिनी आमच्याबरोबर हॉटेलात येतात आणि ताट मांडायच्या आधीच नाकाला पदर. आम्ही काय पाप करतो? (रत्नागिरी)

राग कसला, अर्धं पटलंच आहे. नाकाला पदर लावायचा असेल तर यायचं नाही. माझ्या भावांच्या ताटाशेजारी ताट मांडून मी आयुष्यभर जेवले. त्यांनी माझ्या ताटात कधी रस्सा सांडला नाही, मी त्यांच्या ताटाकडे बघून कधी तोंड वाकडं केलं नाही. आमच्या आईला माळ नव्हती, ती तर दोन्ही चुलींवरचं चाखून मीठ बघायची.

उरलेल्या अर्ध्याचं असं, की तुम्ही सगळे सुरमईचं ताट घेऊन बसलात आणि वहिनींना ‘तुझ्यासाठी डाळभात आहे की’ म्हणालात, असं कितीदा झालं? त्या पदरामागे वासाबरोबर भूकही असेल. पुढच्या वेळी हॉटेल त्यांना निवडू द्या. एकदाच.

सासर मालवणचं. मे महिन्यात सगळे तारकर्लीला जाणार, पंधरा माणसं, पंधराही मासे खाणारी, सोळावी मी. गेल्या वर्षी चार दिवस सोलकढी-भात आणि लोणचं खाल्लं. यंदा काय करू? (डोंबिवली)

सोलकढी-भात वाईट नाही गं, पण चार दिवस?

तुला मालवण कळलं नाही अजून. ही माणसं मासळीवर जीव टाकणारी असली तरी पुष्कळ घरांत सोमवारी मासळी शिवत नाहीत. शंकराचा वार. शिवाय एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, गणपतीतले दिवस. एवढ्या दिवसांत ती काय लोणचं खातात? त्या दिवसांचा म्हणून एक पूर्ण स्वयंपाक त्यांच्याकडे आहे. तो हॉटेलात येत नाही, कारण पर्यटक मासे खायला येतात हे मालकाने गृहीत धरलेलं असतं, आणि तूही मेनूकार्डात पनीर शोधत बसतेस.

तेव्हा खानावळीत शिरलीस की ‘व्हेज काय आहे?’ विचारायचं नाही. ‘डाळ, पापड, व्हेज थाळी’ एवढंच ऐकू येईल. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जायचं, तिथे जी कोणी काकी असेल तिला विचारायचं, ‘काकी, तुम्ही सोमवारी काय करता?’

मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती बाई माशाला मीठ-मसाला चोळत होती. हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘सोमवार नाय आज, पण सासूक उपास सुटाचो म्हणान काळ्या वाटाण्यांचा सांबारा केलंय. हाडू?’ हॉटेलच्या मागेच घर होतं. पोराला पाठवून तिने पितळी डबा मागवला. काळ्या वाटाण्यांचं ते दाट, जवळजवळ काळंच दिसणारं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचं, आणि बरोबर आंबोळ्या. माझ्या ग्रुपमधल्या सुरमई खाणाऱ्यांनी ‘आम्हाला पण द्या’ करून डबा रिकामा केला. बिलात तिने ते लावलंच नाही, मी बळेच पैसे ठेवले.

मेमध्ये जातेस तर ओल्या काजूंच्या उसळीचा हंगाम सरता सरता का होईना सापडेल, फणसाची भाजी मिळेल. गोव्यात उतरलात तर सकाळी कुठल्याही जुन्या कॅफेत भाजी-पाव मागव, पातळ भाजी म्हणायचं. खतखतं, म्हणजे पुष्कळ भाज्यांचा तिथला एकत्र रस्सा, कुणी करत असेल तर सोडू नकोस.

काळ्या वाटाण्यांचं मात्र एक लक्षात ठेव. ते रात्रभर भिजावे लागतात. दुपारी जाऊन मागितलेस तर काकी काहीच करू शकणार नाही. आदल्या संध्याकाळी सांगून ठेव, आणि सोळा माणसांचं सांग. एकटीचं नको.